‘पिशवी मोठी झाली आहे’

प्रिय गर्भपिशवी,

तुला कोणत्या नावानं हाक मारावी, इथूनच अडचण आहे. पुस्तकात तू गर्भाशय, रिपोर्टवर युटेरस, आणि माझ्यासमोरच्या टेबलावर येऊन झोपणाऱ्या बायकांच्या तोंडी नुसती ‘पिशवी’. तेही आवाज खाली आणून, दाराकडे एकदा बघून. लघवीची तीही पिशवीच, म्हणून ‘पिशवी दुखतीया’ असं कोणी म्हणालं की तिचा हात कुठं जातो ते आधी बघावं लागतं. मी तुला पिशवीच म्हणेन. ज्यांच्या पोटात तू आहेस त्यांनी ठेवलेलं नाव मला जवळचं वाटतं.

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात सोनोग्राफी शिकवते. आपल्याकडे हे यंत्र डॉक्टरनंच चालवायचं असतं, त्यामुळे माझे विद्यार्थी म्हणजे एमबीबीएस होऊन पुढं शिकायला आलेली पंचविशी-सत्ताविशीतली मुलंमुली. गेल्या पावसाळ्यात त्यांच्यापैकी एकीनं एका बाईच्या ओटीपोटावर प्रोब ठेवला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “मॅडम, युटेरस सापडत नाहीये.”

टेबलावरच्या बाईनं ते ऐकलं. वय एकतीस.

“काढली की ती,” ती म्हणाली. “मोठी झाली व्हती म्हणले.”

प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला जुना रिपोर्ट तिनं काढून दिला. तुझी मापं त्यात होती: लांबी ८.६ सेंटिमीटर, रुंदी ४.८, जाडी ४.२. खाली दोन ओळी. बल्की युटेरस. नॅबोथियन सिस्ट. तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी एवढी असतेच. मूल न झालेल्या बाईत तू साधारण सात-साडेसात सेंटिमीटर लांब असतेस. बाळंतपणं झाली की थोडी वाढतेस आणि पुन्हा पूर्वीइतकी लहान होत नाहीस. त्या रिपोर्टमधली मापं खोटी नव्हती. त्यांच्याखाली लिहिलेला ‘बल्की’, म्हणजे मोठी झालेली, हा शब्द चुकीचा होता. त्या दिवसापासून तुला लिहायचं मनात होतं.

नव्या मुलांना पहिल्या दिवशी मी मूठ वळायला सांगते. पुस्तकात तुला नासपतीची उपमा असते, पण मूठ प्रत्येकाकडे असते. मूठ म्हणजे तुझं अंग, मनगट म्हणजे गर्भाशयाचं मुख, बोटांची पेरं उंचावतात तो तुझा माथा. आता हात पुढं करून मूठ मनगटातून किंचित खाली झुकवा. बहुतेक बायकांत तू अशीच असतेस, पुढं झुकून लघवीच्या पिशवीवर रेललेली. पाचातल्या एखादीत तू मागं, माकडहाडाकडे कललेली असतेस. तो आजार नव्हे. कोणी उजव्या कुशीवर झोपतं, कोणी डाव्या, इतकीच ती गोष्ट. तरी ‘तुमची पिशवी उलटी आहे’ हे वाक्य ऐकून वर्षानुवर्षं झुरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. मूल होत नाही त्याचं खापरही त्या वाक्यावर फुटलेलं असतं.

मग पाणी. सोनोग्राफीच्या आधी तासभर चार-पाच ग्लास पाणी प्या आणि लघवी दाबून ठेवा, असं आम्ही का सांगतो हे बायकांना कोणी समजावत नाही, आणि मुलांनाही ते पाठच असतं, उमगलेलं नसतं. आमच्या प्रोबमधला आवाज सेकंदाला पस्तीस लाख वेळा कंप पावतो आणि शरीरातून सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो. हवा आडवी आली की तो तिथूनच परत फिरतो. तुझ्या पुढ्यात आतडी, आतड्यांत हवा. लघवीची पिशवी भरली की ती आतड्यांना वर सारते, आणि तिच्यातल्या पाण्यातून आवाज अडथळ्याविना तुझ्यापर्यंत पोचतो. पडद्यावर ते पाणी काळंभोर दिसतं आणि त्या काळ्याच्या मागं तू, करड्या रंगाची, कडा स्पष्ट असलेली. पण हेही मोजूनमापून हवं. लघवीची पिशवी फार फुगली तर ती तुला दाबून चपटी करते, मागं लोटते, आणि मग तुझी मापंही चुकतात, कलही चुकतो. शिवाय ती बाई बाहेर बाकावर पाय आवळून बसलेली असते. भरल्या लघवीच्या बाईला रांगेत तिष्ठत ठेवायचं नाही, हा माझ्या विभागातला पहिला नियम आहे. तुझ्या रचनेचा धडा त्याच्यानंतर.

तुझ्या मापांवर मी मुलांना अडवते ते इथं. लांबी माथ्यापासून मुखाच्या बाहेरच्या टोकापर्यंत, तुझ्या वळणाबरोबर. जाडी त्या लांबीला काटकोनात. मग प्रोब नव्वद अंश फिरवून रुंदी. प्रोब जरा तिरका पडला की जाडी अर्ध्या सेंटिमीटरनं वाढते, आणि तो अर्धा सेंटिमीटर खालच्या ओळीत ‘बल्की’ होऊन बसतो. मोजण्याआधी तुझं अस्तर शोधा, असं मी सांगते. मधोमध जाणारी ती उजळ रेघ मुखापर्यंत सलग दिसली तर समजायचं की आपण तुझ्या बरोबर मध्यावर आहोत.

त्या अस्तराइतकं बोलकं मी शरीरात दुसरं काही पाहिलेलं नाही. पाळी संपते तेव्हा ते दोन-चार मिलिमीटरची पातळ रेघ असतं. बीज सुटायच्या सुमाराला तीन रेघा दिसतात, मधली एक आणि दोन कडांच्या, त्यांच्यामध्ये गडद पट्टे. त्यानंतर ते फुगतं, पांढरंशुभ्र होतं, पंधरा-सोळा मिलिमीटरपर्यंतही जातं, आणि सगळं ठीक असतं. म्हणून ‘शेवटची पाळी कधी आली होती?’ हा प्रश्न न विचारता अस्तराची जाडी लिहिणाऱ्याला मी रिपोर्ट परत देते. तीच चौदा मिलिमीटरची जाडी पाळीआधीच्या आठवड्यात बिनघोर असते, आणि पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या, पुन्हा अंगावरून जाऊ लागलेल्या आजीबाईत काळजीची. अशा आजीत चार मिलिमीटर किंवा त्याहून कमी निघालं की कर्करोगाची शक्यता फार थोडी उरते. तेवढ्या एका आकड्यावर घरी निर्धास्त गेलेल्या किती तरी आज्या मला आठवतात.

तुझं वयही मापातच वाचावं लागतं. नुकत्या जन्मलेल्या मुलीत तू चांगली ठसठशीत असतेस, कारण आईची संप्रेरकं अजून तिच्या रक्तात असतात. मग तू लहान होतेस आणि पाळीच्या वयापर्यंत तशीच राहतेस, मुख मोठं, अंग छोटं. वयात येताना हे प्रमाण उलटतं. दिवस राहिले की सत्तर-ऐंशी ग्रॅमची तू किलोभराची होतेस आणि बाळंतपणानंतर दीड महिन्यात जवळजवळ आपल्या मापावरही येतेस. सगळ्या शरीरात असं कोण करतं? शिकवायला लागून मला अठरा वर्षं झाली, अजून हे सांगताना माझा आवाज बदलतो, असं मुलं म्हणतात.

तुझ्या दोन सोबतिणींबद्दल थोडं. बीजांडकोश शोधताना नवी मुलं घामाघूम होतात, कारण त्या एका जागी बसत नाहीत. मी सांगते, रक्तवाहिन्या धरा. ओटीपोटाच्या भिंतीशी मोठी वाहिनी दुभंगते, त्या बेचक्याच्या आसपास त्या सापडतात, आणि तिथूनच मागून मूत्रवाहिनी उतरते. तरुण बाईचा बीजांडकोश ओळखायला सोपा, गरात काळ्या बिया असलेल्या सीताफळासारखा. त्या बिया म्हणजे बीजपुटी. दर महिन्याला त्यातली एक वीस-बावीस मिलिमीटरपर्यंत वाढते आणि फुटते. त्या वीस मिलिमीटरच्या काळ्या वर्तुळाला ‘सिस्ट’ लिहून मोकळं झालं की घरात रडारड सुरू होते. बीजांडकोशाची लांबी, रुंदी, जाडी गुणून त्याला ०.५२३ नं गुणा, आकारमान येतं. दहा मिलिलिटरच्या आत असेल तर बहुधा गप्प बसा. बीजनलिका दहा-बारा सेंटिमीटर लांब असूनही निरोगी असतात तेव्हा पडद्यावर दिसत नाहीत. दिसल्या, तर बहुतेक वेळा त्यांत पाणी किंवा पू भरलेला असतो.

लोकांनी तुला फार काळ चुकीचं वाचलं. प्लेटोनं लिहिलं की तू एक प्राणीच आहेस, अपत्यासाठी आसुसलेला, शरीरभर भटकणारा. तुझ्या ग्रीक नावावरूनच ‘हिस्टेरिया’ हा शब्द आला आणि बायकांच्या प्रत्येक दुःखावर तो चिकटवला गेला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत तुला रोहू माशाच्या तोंडाची उपमा आहे. तिथं निदान पाहणाऱ्याची नजर आहे. फॅलोपियो या इटालियन शरीरशास्त्रज्ञानं १५६१ मध्ये तुझ्या नलिकांचं वर्णन छापलं. द ग्राफनं १६७२ मध्ये बीजपुटी दाखवल्या, पण अख्ख्या पुटीलाच तो बीज समजला. खरं बीज दिसायला १८२७ उजाडावं लागलं, ते फॉन बेअरला दिसलं.

आणि मार्टिन नाबोथ. १७०७ साली त्यानं तुझ्या मुखावर मोत्यासारख्या लहान गाठी पाहिल्या आणि त्याही बीजंच आहेत असं त्याला वाटलं. त्या गाठी म्हणजे तोंड बंद झालेल्या ग्रंथींत साचलेला चिकट द्रव. बाळंतपणं झालेल्या बायकांत त्या सर्रास सापडतात. त्यांना औषध लागत नाही, शस्त्रक्रिया तर नाहीच. नाबोथची चूक विज्ञानानं केव्हाच दुरुस्त केली, पण त्याचं नाव तुझ्या रिपोर्टवर राहिलं, आणि तीनशे वर्षांनी बीडकडच्या त्या एकतीस वर्षांच्या बाईच्या कागदावर ‘नॅबोथियन सिस्ट’ हे शब्द पुन्हा चुकीचे वाचले गेले. ‘पिशवीला गाठी आहेत’ असं तिला सांगितलं होतं. गाठ म्हटल्यावर आपल्याकडे पुढचा शब्द कॅन्सर असतो.

या यंत्राची सुरुवात नेमकी उलट झाली होती, म्हणून मला जास्त लागतं. ग्लासगोचे इयन डोनाल्ड पोलादातल्या भेगा शोधायचं औद्योगिक यंत्र वापरून पोटातल्या गाठी पाहू लागले. त्यांच्याकडे एक बाई आली होती, जिला पोटाचा कर्करोग आहे आणि आता इलाज नाही असं सांगून झालं होतं. पडद्यावर पाण्यानं भरलेली मोठी गाठ दिसली. ती बीजांडकोशाची होती. ती काढली आणि बाई बरी झाली. ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला आणि आमचं शास्त्र तिथून उभं राहिलं. त्याच्या पायाशी एका बाईवरचं चुकीचं लेबल पुसल्याची गोष्ट आहे. ती मी प्रत्येक तुकडीला सांगते.

आमच्या खोलीत भिंतीवर एक पाटी आहे, येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. देशात असा कायदा पहिल्यांदा महाराष्ट्रानं केला, १९८८ मध्ये. केंद्राचा १९९४ चा. तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८९४ मुली निघाल्या, दहा वर्षांपूर्वीच्या ९१३ पेक्षाही कमी. तू काहीही ठरवत नसताना मुलगी झाल्याचा दोष तुला आणि तुझ्या मालकिणीला दिला गेला, आणि तुझ्यात डोकावायचं साधन आमच्या धंद्यातल्याच काहींनी पैशासाठी वापरलं. या कायद्यानं भरावा लागणारा एफ फॉर्म भरताना मुलं कंटाळतात तेव्हा मी त्यांना हे आकडे फळ्यावर लिहून दाखवते.

आणि आता ज्यासाठी हे पत्र. ती एकतीस वर्षांची बाई ऊसतोडीला जाणारी. ऊसतोडीला नवराबायको मिळून जातात, त्या जोडीला कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक खाडा पडला की दंड. दिवाळीच्या आगेमागे निघायचं ते उन्हाळा लागेपर्यंत. पालात संडास नाही, न्हाणी नाही, पाळीच्या दिवसांत बदलायला आडोसा नाही. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, ओझं उचलून कंबर जाते. यातल्या बहुतेकींना औषधाच्या गोळ्या, स्वच्छ पाणी आणि विश्रांती हवी असते. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या ८० हजारांहून जास्त ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणाची माहिती आली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. अनेकींची चाळिशीही झाली नव्हती.

तुला कधीच काढू नये, असं मी म्हणत नाही. कर्करोगात काढावंच लागतं. रक्तस्राव कशानंच थांबत नसेल, मोठाल्या फायब्रॉइडनी आजूबाजूचं सगळं दाबलं असेल, तर बाई त्यातून खरोखर सुटते. तिच्या सुटकेचा आनंद मी जवळून पाहिला आहे. पण तुझ्या मुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर तुझी धमनी मूत्रवाहिनीला ओलांडून जाते. तिथं घाईचा हात मूत्रवाहिनी कापू शकतो. तुझ्याबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले तर तिशीतल्या बाईला एका दिवसात पाळी गेलेल्या बाईचं शरीर मिळतं, कढत वाफा, रात्रीचा घाम, ठिसूळ होणारी हाडं. त्या एकतीस वर्षांच्या बाईची तक्रार तीच होती. अंगाची आग होते, झोप लागत नाही, आता कोयता उचलत नाही. दुखणं थांबलं का, असं मी विचारलं. कंबर अजून दुखते, म्हणाली.

हे एका सर्जननं केलं, असं म्हणून मला सुटता येत नाही. त्याच्या हातात जो कागद होता तो आमच्यापैकी कोणीतरी लिहिलेला होता. कदाचित माझ्यासारख्याच कोणीतरी शिकवलेल्या मुलानं, दिवसाला साठ-सत्तर तपासण्यांच्या रेट्यात. मी स्वतः उमेदवारीत ‘बल्की’ किती वेळा लिहिलं असेल, ते मोजायची माझी हिंमत नाही. त्याबद्दल मी तुझी क्षमा मागते. आता माझ्या विभागात तो शब्द एकटा लिहिता येत नाही. किती बाळंतपणं, पाळीचा कितवा दिवस, तिन्ही मापं, आणि ही मापं या बाईसाठी नेहमीची आहेत की नाहीत, हे पूर्ण वाक्यात लिहायचं. नॅबोथियन सिस्ट दिसल्या तर त्या निरुपद्रवी आहेत हे शेजारीच लिहायचं. आणि बाई टेबलावरून उतरायच्या आत तिच्याच भाषेत तिला सांगायचं, “बाई, तुमची पिशवी चांगली आहे.”

आतून तपासणी करायची असेल तेव्हाचे नियम वेगळे, आणि त्यांवर मी जास्त कडक आहे. लघवी करून यायला सांगा. प्रोब दाखवा, त्यावर आवरण चढवताना दाखवा, काय करणार ते सांगा, हो म्हणाली तरच पुढं जा. खोलीत एक बाई सोबत हवीच. चादर कमरेपर्यंत. लग्न न झालेल्या मुलीला पोटावरूनच पाहा. दार आतून लावलंय ना ते तिच्यादेखत तपासा. प्रतिमा या तपासणीत कितीतरी स्पष्ट मिळते, कारण प्रोब तुझ्या अगदी जवळ असतो आणि म्हणून जास्त कंपनांचा, बारीक तपशील दाखवणारा आवाज वापरता येतो. पण ती बाई अंग आखडून घेत असेल तर मला ती स्पष्ट प्रतिमा नको.

कधी कधी तू जन्मापासूनच नसतेस. आईच्या पोटात मुलीचा गर्भ असतो तेव्हा दोन नळ्या एकमेकींना येऊन मिळतात आणि त्यांतून तू घडतेस. त्या अर्धवट मिळाल्या तर तुझ्यात पडदा राहतो, किंवा तुला दोन शिंगं फुटतात, किंवा तू दोन होतेस. काहींत त्या वाढतच नाहीत. सतरा वर्षांच्या, पाळी न आलेल्या मुलीत आम्ही तुला शोधतो, आणि तू नसलीस तर प्रोब लगेच वर, मूत्रपिंडांकडे नेतो, कारण तुम्ही एकाच काळात, शेजारी शेजारी घडत असता आणि एक बिघडलं की दुसरंही बिघडलेलं असू शकतं. अशा मुलीच्या आईशी मी स्वतः बोलते, ते काम मुलांवर सोपवत नाही.

ज्या मुलीला तू सापडली नव्हतीस ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. काल तिनं एका ऊसतोड बाईचा रिपोर्ट सहीसाठी माझ्यापुढं ठेवला. लांबी ८.९ सेंटिमीटर, चार बाळंतपणं, पाळीचा एकविसावा दिवस, अस्तर अकरा मिलिमीटर. खाली तिनं मराठीत लिहिलं होतं, माप वयाला व बाळंतपणांना धरून योग्य, शस्त्रक्रियेचं कोणतंही कारण या तपासणीत दिसत नाही. मराठीत का लिहिलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, “मॅडम, तिच्या मुलीला वाचता येतं.”

मी सही केली. आता उठते. बाहेर बाकावर एक बाई लघवी दाबून बसली आहे, तिला आत घ्यायला हवं.